आईच्या न्हाणीघरात आधाराची दांडी कुठे आणि कशी लावावी?

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. ठाण्यात जुन्या इमारतीत दोन खोल्यांत एकटी राहते आणि तिथेच राहणार म्हणते. गुडघे दुखतात, इंडियन संडासातून उठताना नळाला धरते. कमोड, दांड्या, नव्या लाद्या असं सगळंच मनात आहे. आधी काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी नळ धरणं थांबायला हवं. नळ काय किंवा टॉवेलची दांडी काय, माणसाचं वजन पेलायला ती बसवलेली नसतात. स्टेनलेस स्टीलची ३२ ते ३५ मिलिमीटर जाडीची आधारदांडी घ्या. दांडी आणि भिंत यांत साधारण ४० मिलिमीटर जागा असावी. जास्त असली तर हात घसरून मागे अडकतो.

दांडी निखळते ती बहुधा स्क्रूमुळे. लादी, तिच्यामागचा सिमेंटचा थर आणि प्लास्टर यांतच तीन-साडेतीन सेंटिमीटर जातात. दांडीसोबत येणारा आखूड स्क्रू विटेपर्यंत पोहोचतच नाही. ७५ मिलिमीटरचे स्क्रू आणि त्याच मापाचे प्लग मागा. भोक पाडताना लादी पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर लादी तडकते. लादी टकटक केल्यावर पोकळ वाजली तर जागा बदला. भिंत अर्ध्या विटेची आणि भुसभुशीत निघाली, तर आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी लावा. शेवटी धडधाकट माणसाने दांडीवर पूर्ण वजन टाकून पाहावं. रबरी कपाने चिकटणाऱ्या दांड्या आणूच नका. ओल्या, साबण लागलेल्या लादीवर त्या न सांगता सुटतात.

कमोडशेजारी आडवी दांडी बैठकीच्या २० ते २५ सेंटिमीटर वर हवी, आणि ती कमोडच्या पुढे जाईल इतकी लांब. उठताना हात पुढेच जातो. दाराशी एक उभी दांडी लावा, उंबरा ओलांडताना धरायला.

कमोड बसवायला घाई नको. इंडियन भांडं उखडलं की खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी गळू लागतं. म्हणून नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लाद्या बसवण्याआधी, पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा. ठेकेदार हे टाळायला बघेल, त्याला अडवा. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. नेहमीचा कमोड ४० च्या आसपास असतो, म्हणून खाली ओटा बांधून घ्यावा लागतो. आई ठेंगणी असतील तर आधी त्यांच्या गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. बसल्यावर पाय लोंबकळता कामा नयेत.

तोवर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची चालेल, पण भांडं पायरीवर बसवलेलं असेल तर नको. खुर्चीचा एक पाय कडेवर येतो.

लाद्या सगळ्यात शेवटी. पुष्कळदा लादी नव्हे, तिच्यावरचा साबणाचा थर निसरडा असतो; ब्रशने घासला तर निघतो. ॲसिडने मात्र लादीची चकाकी जाते आणि मळ जास्तच धरतो. बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. बसायला प्लास्टिकची घरगुती खुर्ची नको, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. रबरी बुचांचं न्हाणी-स्टूल घ्या.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. न्हाणीघराला आतून कडी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काही उपाय? – एक वाचक, सांगली

उत्तर : कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारं कुलूप बसवा. आतून बंद करण्याची त्यांची सवय तशीच राहील. पण दार आत उघडत असेल, तर पडलेला माणूसच ते अडवतो आणि कुलूप उघडूनही उपयोग होत नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं करून घ्या. त्यासाठी चौकटीची खाच बाहेरच्या बाजूला घ्यावी लागते; ते काम सुताराचं.