विदर्भातल्या शेतकरी घराण्याचं कुलचिन्ह बनवायचं, तर त्यात काय असावं?

सुरुवात देवकापासून करा. लग्नाच्या मांडवात तुमच्याकडे काय पुजतात? कुणाकडे पंचपल्लव, कुणाकडे कळंब, कुणाकडे मोरपीस. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना विचारा, त्यांना पक्कं माहीत असतं. कुलचिन्ह ढालीच्या आकारात काढतात, त्या ढालीच्या मधोमध तेच ठेवा.

खाली काळी पट्टी आणि तिच्यावर फुटलेलं बोंड, म्हणजे तुमची काळी माती आणि कपाशी. बोंड मात्र शेतात जाऊन, नीट बघून काढा: चार फाकांत फुगलेला पांढरा कापूस आणि मागे वाळून टोकदार झालेली तपकिरी टरफलं. पुस्तकातलं गोल फूल नको.

कुलचिन्हांच्या युरोपातल्या पद्धतीत पिवळा आणि पांढरा म्हणजे सोनं-चांदी, हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवत नाहीत, म्हणजे चिन्ह लांबूनही ओळखू येतं. काळ्यावर पांढरं बोंड या नियमात चपखल बसतं. हिरवी पानं असतील तर मागे पिवळा घ्या, हळदीचा.

चंद्रपूरच्या किल्ल्याच्या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह आहे. ते गोंड राजांचं राजचिन्ह, ते उचलू नका. आडनावावरून तयार चिन्ह विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नका. इंग्लंडमध्येसुद्धा ते आडनावाला मिळत नाही, 1484 साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स ते व्यक्तीला देतं.

बोधवाक्य आजोबांच्या तोंडचं, वऱ्हाडीतच ठेवा.