लष्करी युतीचा परराष्ट्र धोरणाला खरंच उपयोग होतो, की तो नुसता कागद असतो?

तुमच्या प्रश्नातली चीड मला समजते. वेळ आली की जो तो आपलं पाहतो, मग देश अशा युतीत कशाला अडकतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते उपयोग होतो आणि मोठा होतो, पण बहुतेक वेळा लढाई पेटण्याआधीच होऊन गेलेला असतो, म्हणून तो नजरेत भरत नाही.

आधी कागदच बघू. नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती. तिच्या कराराचं कलम ५ सगळ्यांना माहीत असतं: एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की प्रत्येक देश स्वतःला आवश्यक वाटेल ती कारवाई करील. सैन्य पाठवलंच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. १९४९ पासून हे कलम एकदाच लागू झालं, तेही अमेरिकेसाठी, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. तेव्हा नाटोची ७ टेहळणी विमानं अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. युरोपच्या रक्षणासाठी म्हणून उभी केलेली यंत्रणा अमेरिकेच्या दारात पहाऱ्याला गेली!

इतक्या सैल शब्दांवर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर? रोजच्या तयारीच्या. एक साधी गोष्ट सांगतो. नाटो देशांच्या मोठ्या तोफांच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर, तर सोव्हिएत घडणीच्या तोफांचा १५२. २०२२ मध्ये युक्रेनला मदत करायला कितीतरी देश तयार होते, पण त्यांच्याकडचे १५५ चे गोळे युक्रेनच्या जुन्या तोफांत चालेनात. मग आधी तोफा पाठवा, त्या चालवायला माणसं शिकवा, सुटे भाग पुरवा. तीन मिलिमीटरच्या फरकापायी ऐन युद्धात हा सगळा खटाटोप करावा लागला. गोळे, रेडिओ, इंधन भरण्याच्या पद्धती, हुकूम कोण देणार, हे सगळं युतीतले देश शांततेच्या काळात कंटाळवाण्या बैठकांमधून जुळवत बसतात. युतीची खरी किंमत मला तिथे दिसते.

फिनलंडने हे बरोबर ओळखलं. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असूनही तो देश अनेक दशकं कुठल्याही लष्करी गटात गेला नव्हता. नाटोशी भागीदारी होती, तशी ती युक्रेनचीही होती. भागीदार आणि सदस्य यांत किती अंतर असतं, हे २०२२ मध्ये डोळ्यांसमोर दिसल्यावर फिनलंडने अर्ज केला आणि ४ एप्रिल २०२३ ला तो सदस्य झाला. स्वीडनला मात्र मार्च २०२४ पर्यंत थांबावं लागलं, कारण तुर्कस्तान आणि हंगेरीची मंजुरी अडली होती. युतीत बसलेल्या एकेका देशाच्या हाती केवढा वजनदार नकार येतो, हेही त्यातून कळतं.

धोका आहेच. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, जुलै १९१४ मध्ये, जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला बिनशर्त पाठिंबा देऊन टाकला आणि मित्राच्या भांडणात स्वतः ओढला गेला. त्याच गटातला इटली आधी तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये समोरच्या बाजूने लढायला उतरला.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. पाकिस्तान सिएटो (आग्नेय आशियासाठीची) आणि सेंटो (पश्चिम आशियासाठीची) अशा दोन पाश्चात्त्य गोटातल्या युत्यांचा सदस्य होता. पण सिएटोच्या करारातच अमेरिकेने नोंदवून ठेवलं होतं की आपली बांधिलकी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती आहे. डिसेंबरमध्ये अमेरिकी युद्धनौका बंगालच्या उपसागरापर्यंत आल्या, तरी पाकिस्तानच्या बाजूने लढायला कुठलाच मित्र उतरला नाही. भारताकडे ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी झालेला करार होता, त्यात हल्ला झाल्यास तातडीने सल्लामसलत करू, एवढंच वचन. सोव्हिएत संघाने मात्र सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव पुन्हा पुन्हा नकाराधिकार वापरून अडवले आणि भारतीय सैन्याला ढाक्यापर्यंत पोहोचायला लागणारे दिवस मिळवून दिले.