‘लागल्याशिवाय हात बसत नाही’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे मुलाला ठेवावं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहता. मुलगा यंदा कॉमर्समधून बारावी झाला, अठरा पूर्ण आहेत. कॉलेजात मन लागणार नाही म्हणून चार महिन्यांपासून तो एका मिस्त्रींबरोबर वासणा-भायलीकडच्या नव्या फ्लॅटांमध्ये जातोय. भिंतीत बसवायची कपाटं, वॉर्डरोब, मॉड्युलर किचन अशी कामं. गेल्या महिन्यात कटरवर डाव्या हाताची तर्जनी कापली, सात टाके पडले. त्याचे बाबा म्हणतात, पुरे झालं, बी.कॉम.ला बस. तो म्हणतो, बोट बरं झालं की परत जाणार. आणि तुम्ही विचारता, यात खरंच करिअर आहे का, आणि असलं तरी हात शाबूत राहतील का.

आधी बोटाचं बोलू. ते शेवटच्या पेरापर्यंत वळतं का, पूर्ण सरळ होतं का, टोकाला स्पर्श कळतो का, हे आजच बघा. यातलं एकही कमी वाटलं तर हातावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. आत टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) किंवा स्पर्शाची नस कापली गेली असेल तर जितका उशीर, तितकी दुरुस्ती अवघड. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं ना, तेही विचारून घ्या.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. मिस्त्री म्हणाले, ‘लागल्याशिवाय हात बसत नाही.’ ताई, हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला राग आलाय. हात बसतो तो सवयीने. पहिल्या सहा महिन्यांत ज्या सवयी लागतात त्याच पुढची तीस वर्षं टिकतात, चांगल्याही आणि वाईटही. म्हणून माझ्या दृष्टीने तुमच्यापुढचा प्रश्न सुतारकाम की बी.कॉम. हा नाहीच. मुलगा कोणाच्या हाताखाली आणि कसल्या मशीनवर शिकतोय, हा आहे.

अपघात कसा झाला ते तुम्ही नीट लिहिलंत, त्याबद्दल आभार. मार्बल कटर उलटा करून प्लायच्या पाटाखाली स्क्रूने बसवलेला, खाचेतून पातं वर आलेलं, आणि मुलगा प्लायची दोन इंची पट्टी हाताने पुढे ढकलत होता. ही जुगाडाची टेबल-करवत आपल्याकडे साइटोसाइटी दिसते. तिच्यात एक नाही, अनेक चुका आहेत. हा कटर दगड आणि फरशी कापायला बनवलेला. त्याचं चार इंची पातं मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. हिशोब केला तर पात्याची कड ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पळते. त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं चढवलं, ते पाटावर यावं म्हणून गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, काढलं, आणि बटण पाटाखाली, म्हणजे घाईच्या क्षणी हाताला न सापडणारं.

त्यात पट्टी ढकलताना नेमकं काय होतं? पात्याच्या पुढच्या बाजूचे दाते खाली जातात आणि लाकडाला पाटावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दाते मात्र वर येत असतात. कापलेली फट तिथे जरा मिटली किंवा पट्टी तिरकी झाली, की ते दाते तिला उचलतात आणि उलट माणसाच्या अंगावर फेकतात. ज्या हाताने ढकलत होतो त्याच्या पुढ्यातला आधार एकदम नाहीसा होतो आणि हात आपल्याच जोराने पात्यावर जातो. डोळा मिटायच्या आत. इथे ‘लक्ष दे’ म्हणून सांगण्याला काही अर्थ नसतो. म्हणूनच खऱ्या टेबल-करवतीला पात्यामागे पोलादाची एक पातळ पट्टी उभी असते. ती फट मिटू देत नाही. पात्यावर गार्ड असतं, आणि अरुंद तुकडा ढकलायला खाच पाडलेली लाकडी काठी असते. ही काठी पडीक प्लायमधून पाच मिनिटांत होते. ती मुलाला करायला सांगा. आणि अशी उलटी मशीन जिथे असेल तिथे त्याने तिला हात लावायचा नाही, मिस्त्री रागावले तरी चालेल.

तुम्ही काळजीने त्याला जाड हातमोजे घेऊन दिलेत. ताई, फिरणाऱ्या पात्याजवळ ते घालू देऊ नका. कटर, राउटर (लाकडात खाचा पाडणारं मशीन), ड्रिल यांत मोज्याचं टोक अडकलं तर मशीन नुसतं कापत नाही, अख्खा हात ओढून घेते. मनगटातला गंडा, कडं, अंगठी, लोंबणारी बाही, गळ्यातला रुमाल यांचंही तेच. मोजे उपयोगी पडतात ते सनमायकाची कड धरताना, काच-आरसा उचलताना आणि प्लाय वाहताना. आठ बाय चारची अठरा मिलिमीटरची प्लाय तीस-पस्तीस किलो भरते, तीही एकट्याने जिना चढवायची नाही. हातमोज्यांवर पैसे घातलेत तसे आता चष्म्यावर आणि कानांच्या मफवर घाला. पंच्याऐंशी डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन् तास कानावर पडला तर बहिरेपणा हळूहळू येतो आणि आलेला जात नाही. कटरचा आवाज त्याच्या बराच वर असतो.

धुळीकडे तर कोणी बघतच नाही, कारण तिने रक्त येत नाही. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेले तक्ते, यांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं, तेही त्याच गटात आहे. बंद फ्लॅटमध्ये एमडीएफ कापताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन-95 मास्क लागतो, खिडक्या उघड्या लागतात, आणि मशीनला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडता आला तर उत्तम.

माझाही एक अनुभव सांगतो, कारण तो हाताच्या हत्याराचा आहे आणि हत्यारं मशीनपेक्षा निरुपद्रवी असतात अशी आपली समजूत असते. शिकत असताना वर्कशॉपमध्ये सांध्यासाठी लाकडात खाच पाडत होतो. तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, न धरता डाव्या हातात धरला होता. पटाशी बोथट होती, म्हणून जोर जास्त लावला. ती सटकली आणि तळहातात शिरली. व्रण अजून आहे. धारदार पटाशी हलक्या हाताने जाते आणि न्याल तिथेच जाते. बोथट पटाशीला रेटावं लागतं, आणि रेटलेलं हत्यार कुठे थांबेल ते सांगता येत नाही. काम शिकंज्यात, दोन्ही हात धारेच्या मागे, एवढं मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलाला रंध्याला आणि पटाशीला तेलाच्या दगडावर धार लावता येते का, विचारा. चार महिन्यांत ते शिकवलं नसेल तर मिस्त्रींनी त्याला शिकाऊ म्हणून ठेवलेलं नाही, हमाल म्हणून ठेवलंय.

साइटवरची वीज हा वेगळाच विषय आहे. पिन तुटली म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून आगकाडीने दाबलेल्या मी पाहिल्या आहेत. चांगला माणूस तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारं बटण, लावलेला बोर्ड स्वतःबरोबर नेतो. आणि भिंतीत कपाट ठोकताना स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल मारत नाही, कारण वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं.

करिअरचं विचाराल, तर आहे, आणि चांगलं आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, हल्ली त्याला वुड वर्क टेक्निशियन म्हणतात. आठवी पास पुरतं. आपल्याकडे गोरवा आणि तरसाली इथे सरकारी आयटीआय आहेत. हा ट्रेड यंदा कुठे चालू आहे आणि जागा किती, हे मुलाने स्वतः जाऊन विचारावं. तिथे आखणी, सांधे, हत्यारांना धार लावणं या गोष्टी क्रमाने होतात, आणि मशीनला हात लावायच्या आधी ती समजावून सांगितली जाते. नंतर मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात उमेदवारी करावी. मोठे तक्ते सरळ कापणारी पॅनेल सॉ, कडांना पट्टी चिकटवायचं एजबँडिंग, संगणकावर चालणारा सीएनसी राउटर हे तिथेच शिकायला मिळतं. पुढे स्वतःचा धंदा टाकला तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. मात्र कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. आणि बाबांचं म्हणणंही वाया जात नाही. बी.कॉम. त्याने बाहेरून करावं. कोटेशन, जीएसटी, उधारी यांचा हिशोब येत नाही म्हणून हातात कसब असूनही कर्जात गेलेले कारागीर मला माहीत आहेत.

घरात ‘सुतारकी’ या शब्दाचा थोडा संकोच आहे असं तुमच्या पत्रातून जाणवलं. सयाजीराव महाराजांनी 1890 साली हातांना तंत्र शिकवण्यासाठी कलाभवन काढलं, आणि ती इमारत तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकदा बाबांबरोबर तिकडून फेरी मारून या.

आणखी एक, आणि हे घरात सगळ्यांनी पाठ करून ठेवा. कधी बोट तुटलंच तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फावर कधीच नाही, त्याने पेशी मरतात आणि जोडणं अशक्य होतं. जखमेवर घट्ट दाब देऊन सरळ मोठ्या रुग्णालयात.

आयटीआयचा प्रवेश होईपर्यंत तो याच मिस्त्रींकडे जाणार असेल, तर एका सकाळी बाबांना त्याच्याबरोबर साइटवर पाठवा. भांडायला नको. त्यांनी फक्त कटर हातात घेऊन विचारावं, ‘याचं गार्ड कुठंय?’ मिस्त्रींनी ते पेटीतून काढून दाखवलं आणि लावायला तयार झाले, तर मुलाला दोन महिने राहू द्या. हसले, तर त्याच दिवशी घरी आणा. काय झालं ते मला कळवा.

आपला,
करिअर समुपदेशक