वाचकांचे प्रश्न : ग्रोथ हार्मोन आणि कॅन्सरची धास्ती

प्रश्न : वय ४६. तीन वर्षांपूर्वी पिट्युटरीवरची (मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन बनवणारी ग्रंथी) गाठ काढली, कॅन्सरची नव्हती. थायरॉइडची गोळी आणि हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉल या हार्मोनची गोळी) चालू आहे, तरी थकवा हटत नाही. आता डॉक्टर रोज ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन घ्या म्हणतात. आईला ५८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. घरच्यांचा या इंजेक्शनला ठाम नकार आहे. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घरच्यांची शंका वावगी नाही. ग्रोथ हार्मोन यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवून घेतं आणि आयजीएफ-१मुळे पेशींची वाढ होते. ॲक्रोमेगॅली या आजारात ग्रोथ हार्मोन वर्षानुवर्षं जादा पाझरतं. त्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठी) जास्त सापडतात. उलट इक्वेडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांत पेशी या हार्मोनला दादच देत नाहीत, आणि त्या लोकांत कॅन्सर अगदी क्वचित दिसतो.

पण तुमची गोष्ट आहे तुटीची, म्हणजे शरीरात हे हार्मोन कमी पडतंय. तूट भरण्यापुरताच डोस घेणाऱ्या प्रौढांच्या आजवरच्या नोंदींत कॅन्सर किंवा पिट्युटरीची गाठ परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. या निरीक्षणाच्या नोंदी आहेत, त्यामुळे शंभर टक्के हमी मात्र कुणी देऊ नये.

डोसची सगळी मदार रक्तातल्या आयजीएफ-१च्या आकड्यावर. तुमच्या वयाला सुरुवात रोज रात्री ०.२ ते ०.३ मि.ग्रॅ.ने होते, पोटावर किंवा मांडीवर कातडीखाली, रोज जागा बदलून. पुढे दर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून ०.१ ते ०.२ मि.ग्रॅ.ची वाढ. रिपोर्टवरची मर्यादा वयानुसार छापली आहे ना, हे बघा. विशीतल्या मुलाला चालणारा आकडा तुम्हाला जास्त ठरतो. अंगठी घट्ट होऊ लागली, बोटांना मुंग्या आल्या, सांधे दुखू लागले, तर अंगात पाणी साठतंय, डोस जास्त होतोय. डॉक्टरांना लगेच कळवा.

सुरू करण्याआधी पिट्युटरीचा एमआरआय आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या, कारण हे हार्मोन साखर वाढवतं. चालू गोळ्याही कमी पडू लागतात, म्हणून फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) तपासा. टीएसएच हे पिट्युटरीच थायरॉइडला चालना द्यायला सोडते, म्हणून पिट्युटरीच्या रुग्णात त्यावरून काही ठरत नाही, तरी तेवढंच लिहून दिलेलं सर्रास दिसतं. हायड्रोकॉर्टिसोनचा डोसही डॉक्टरांना पुन्हा पाहू द्या.

आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. आई-वडिलांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर ती चाळिशीला व्हायला हवी. हार्मोन घ्या अगर न घ्या, तुमची ती राहिली असेल तर आधी उरका. शरीरात कॅन्सर असताना हे इंजेक्शन देतच नाहीत. बरा झाल्यावरही प्रौढांत सहसा ५ वर्षं थांबतात आणि कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच देतात.

एवढं करून वर्षभरात थकव्यात फरक पडला नाही, तर डॉक्टरांशी बोलून बंद करायला हरकत नाही.

प्रश्न : पुतण्याला जिममधला ट्रेनर रोज ४ युनिट ग्रोथ हार्मोन घ्यायला सांगतो. चालेल का?
— काका, ठाणे

उत्तर : नाही. १ मि.ग्रॅ. म्हणजे ३ युनिट. वर सांगितलेला सुरुवातीचा डोस १ युनिटही भरत नाही, आणि तो तूट असलेल्या माणसाचा. तूट नसताना ४ युनिट म्हणजे ॲक्रोमेगॅलीच्या वाटेला लागणं. पुतण्याने आधीच सुरू केलं असेल तर थांबवा, उपाशीपोटी साखर आणि आयजीएफ-१ तपासून घ्या.