राउटर लावला म्हणजे घरचे संगणक सुरक्षित झाले का?

फायबरवाल्याने दिलेल्या डब्याला स्वतःचा राउटर जोडलाय. आता विंडोजची फायरवॉल (संगणकात येणारी जोडणी तपासून अडवणारा भाग) बंद केली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नको, चालू ठेवा. राउटर अडवतो ते फक्त न मागता बाहेरून आलेलं. आतल्या संगणकाने एखादं पाकीट (नेटवरून येणारा माहितीचा तुकडा) मागवल्याची नोंद नसेल तर तो ते टाकून देतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ४४५ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक असलेलं दार) पसरला, तो अशा राउटरमागच्या संगणकापर्यंत इंटरनेटवरून थेट पोचू शकत नव्हता. पण एक लॅपटॉप बाहेरून बाधा घेऊन घरात आला की शेजारच्या संगणकावरचा हल्ला राउटर थांबवत नाही. तिथे विंडोजचीच फायरवॉल कामाला येते.

आता राउटर. त्याच्या तळाच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. लॉगिन करून आधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. २०१६ मध्ये मिराय या घातक प्रोग्रामने कंपनीने घालून दिलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांवर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा.

राउटरमध्ये यूपीएनपी नावाचं सेटिंग हमखास चालू सापडतं. त्यामुळे आतला कुठलाही प्रोग्राम पासवर्डशिवाय राउटरला पोर्ट उघडायला लावू शकतो. तेही बंद करा. एखादा गेम अडला तर तेवढंच पोर्ट हाताने फॉरवर्ड करा, म्हणजे त्या संगणकाकडे वळवा. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरसाठी (रेकॉर्डिंगच्या डब्यासाठी) मात्र पोर्ट उघडूच नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आयपीव्ही६ कडे, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीकडे. इथे नॅट (सगळ्या घराला एकच सार्वजनिक पत्ता वापरायला लावणारी राउटरची पद्धत) सहसा नसतं, प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, म्हणून सारी भिस्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलवर. ती चालू आहे का हे सेटिंगमध्येच बघा. ऑनलाइन पोर्ट-स्कॅनवर विसंबू नका, कारण विंडोजच्या फायरवॉलमुळेही निकाल ‘बंद’ येऊ शकतो.

तुमच्याकडे दोन डबे आहेत, म्हणून आणखी एक. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर फायबरवाल्याचा डबाही राउटर म्हणूनच चालतोय. त्याचं वायफाय सुरू असेल तर तिथून जोडलेलं यंत्र तुमच्या राउटरच्या बाहेरच राहतं. ते वायफाय बंद करा, किंवा डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देण्याच्या मोडमध्ये) टाकायला सांगा. त्याआधी, जोडणी पीपीपीओईची (लॉगिन करून सुरू होणारी) असेल तर तिचं युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या, नाहीतर नेटच बंद पडेल.