प्रोब मॅक्रो लेन्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे १०० मिमीची साधी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आहे. लघुपटासाठी प्रोब लेन्स, म्हणजे लांब बारीक नळीची मॅक्रो लेन्स, भाड्याने घ्यावी का?

उत्तर: आधी शॉटची यादी समोर ठेवा. वस्तू मोठी दिसावी एवढ्यासाठीच अनेकजण प्रोब घेतात आणि मग निराश होतात. लाओवा कंपनीच्या २४ मिमी प्रोबमध्ये सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या दुप्पट आकाराची पडते हे खरे. परंतु तिचे खरे बळ सुमारे ४० सेंटीमीटर लांबीच्या आणि टोकाशी जेमतेम २० मिमी जाडीच्या नळीत, तसेच ८४ अंशांच्या दृश्यकोनात आहे. गवताच्या पात्यांमधून ही नळी आत सरकवली की समोर मुंगी मोठी दिसते आणि तिच्या मागचा परिसरही ओळखू येतो. १०० मिमीच्या लेन्समध्ये मागे केवळ पुसट रंग उरतो. काळ्या पार्श्वभूमीवर एकटी अंगठी टिपायची असेल, तर तुमची लेन्सच अधिक चांगली.

प्रश्न: आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ठेवूनही स्लो मोशनचे चित्रण काळे येते. टोकावरचे एलईडी पुरत नाहीत का?

उत्तर: पुरत नाहीत, आणि त्यात लेन्सचा दोष नाही. एफ/१४ हे तिचे सर्वांत मोठे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) असल्याने एफ/२.८च्या तुलनेत २५ पट प्रकाश लागतो. त्यात सेकंदाला २५ ऐवजी २५० फ्रेम घेतल्या, तर ही गरज आणखी दहा पटींनी वाढते. टोकावरचे दिवे पोकळीच्या आत, जिथे बाहेरचा प्रकाश पोहोचतच नाही, तिथे उपयोगी पडतात. चकचकीत धातूवर मात्र त्यांचे ठिपके वर्तुळाकार उमटतात, तेव्हा ते बंदच ठेवावेत. मुख्य प्रकाश बाजूने, शक्य तितक्या जवळून आणि लुकलुक न करणाऱ्या एलईडीचा घ्यावा. कीटकांवर तापणारा दिवा रोखू नये. आणखी एक बारीक गोष्ट: हे दिवे इतकी कमी वीज घेतात की काही पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून शॉटच्या मध्येच बंद पडतात.

प्रश्न: स्लायडरवर (कॅमेरा सरकवण्याच्या रुळावर) कॅमेरा पुढे नेताना चित्र हादरते आणि फोकसही सुटतो.

उत्तर: दुप्पट प्रतिमेच्या वेळी फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सरच्या पूर्ण रुंदीत अवघे १८ मिमी मावतात आणि फोकसची खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे स्लायडरची किंचित थरथरही पडद्यावर धक्क्यासारखी दिसते. खोली वाढवण्यासाठी एफ/४०पर्यंत जाण्याचा मोह टाळा, कारण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. मी शक्य असेल तेव्हा कॅमेरा पक्का बसवतो आणि वस्तूच छोट्या सरकत्या पाटावर ठेवून सरकवतो. फोकस हातानेच करायचा असल्याने अंतिम बिंदूवर तो आधी लावून ठेवावा आणि वस्तूला त्या बिंदूपर्यंत येऊ द्यावे.

प्रश्न: ही लेन्स पाण्यात बुडवता येते का?

उत्तर: केवळ पुढची नळी. फोकसची कडी आणि माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तो भाग) कोरडेच राहिले पाहिजेत. नळी तिरकी व हळू बुडवल्यास काचेवर बुडबुडे कमी चिकटतात. बाहेर काढल्यावर टोक वर करण्याआधी ती पुसा, नाहीतर ओघळणारे थेंब थेट माउंटकडे येतात.