साडूचं चालतं, मग आमचंच का अडलं?

प्रश्न: आम्ही आणि माझे साडू अमेरिकेत शेजारशेजारच्या दोन शहरांत राहतो, मध्ये फक्त एक रस्ता. दोघांनीही मागच्या अंगणात १५० चौरस फुटांचं शेड टाकलं, बेसमेंटमध्ये पाहुण्यांसाठी बेडरूम काढली, परमिट कोणीच घेतलं नाही. त्यांना कोणी हटकलं नाही, आमच्या दारावर मात्र शहराची नोटीस. बांधकामाचा कोड, म्हणजे नियमावली, एकच असते ना?

उत्तर: नाही हो. घरबांधणीचा इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड हा नुसता नमुना आहे, दर ३ वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते, आणि राज्य किंवा शहर तो स्वीकारतं तेव्हाच तो कायदा होतो, तोही आपल्या सोयीने काटछाट करून. म्हणजे रस्त्याच्या पलीकडे जुनी आवृत्ती चालू असू शकते. शेडचंच घ्या, नमुन्यात २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली सुट्या शेडला परमिट लागत नाही, काही शहरांनी ती मर्यादा १२० वर आणलीये, तुमचं १५० बरोबर मध्ये अडकलं असणार. आणि परमिट लागत नाही म्हणजे कुंपणाला चिकटवून बांधलं तरी चालतं असं नाही, हद्दीपासून किती अंतर सोडायचं ते झोनिंगवाले (कुठल्या जागेवर काय, कसं बांधायचं ते ठरवणारे) वेगळं बघतात.

पण शेड राहू द्या, ते हलवता येतं. मला काळजी आहे ती त्या बेडरूमची, आणि इथे दोन्ही शहरांचं बहुतेक एकच म्हणणं असेल. झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट (खिडकी बाहेरच्या जमिनीलगत असेल तर ५), उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २०, आणि खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. बरेच जण २४ बाय २० ची खिडकी बसवून मोकळे होतात, पण गुणाकार केला तर ते जेमतेम ३.३ भरतं! आग लागली आणि जिना धुराने भरला की तिथूनच बाहेर यायचं असतं, पाठीवर सिलिंडर घेतलेला फायरमनही तिथूनच आत येणार. स्मोक अलार्म खोलीत वेगळा आणि खोलीबाहेर वेगळा.

साडूंचं चालतंय असं समजू नका, अजून कोणी तक्रार केली नाही इतकंच, वाढलेलं गवत, नंबरप्लेट नसलेली गाडी, बिनपरमिटचं बांधकाम, असल्या बहुतेक केसेस शेजाऱ्याच्या फोननेच सुरू होतात.

नोटिशीवरची तारीख उलटायच्या आत इन्स्पेक्टरला फोन करा आणि काम झाल्यावरही परमिट मिळतं का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं. वायरिंग बघायला ड्रायवॉल (भिंतीवरचे जिप्समचे बोर्ड) फोडायला लावतील, चिडू नका. खिडकी होईपर्यंत पाहुण्यांना वरच झोपवा आणि साडूंनाही तेवढं सांगा.